धोंड्याच्या जेवनातलं ‘छान’

आमच्या मालकांचं नाव गोरक्षनाथ. सोनईहून शिंगनापूरला जाताना बैलाच्या चरकाची रसवंती लागते, ती आमची. बैल फिरतो, मी रस गाळते, अन् हे खाटेवर बसून जगातल्या सगळ्या गाननाऱ्यांना शिव्या देतात.

स्पीकर दिवसभर चालू. मोबाईलवर नवा अल्बम आला की आधी यांना पाहिजे. स्वतःला साधी आरती सुरात म्हनता येत न्हाई, गनपतीत लोक यांच्यापासून लांब उभे राहतात. पन उचलली जीभ लावली टाळ्याला. देवीच्या गान्यांचा एक अल्बम गावोगाव वाजला, तर म्हनले, ह्यो देवीला बोलवतोय का हरवलेल्या म्हशीला? हळदीच्या अल्बमात म्हनं आठ गानी अन् चाल एकच, नवरीचं नाव तेवढं बदललंय. प्रेमाच्या अल्बमात पोरगं कांद्याच्या वाफ्यातनं पळालं, तर यांना गान्यापेक्षा तुडवलेल्या कांद्याचं दुःख. एका मोठ्या बाईंचा अभंगांचा अल्बम लागला तेव्हा मला वाटलं, आता तरी हात जोडतील. कशाचं काय! म्हनले, बाईचं पोट भरलेलं हाय, देवाकडं मागायला हिच्यापाशी काय उरलंच न्हाई. अन् ज्याला शिव्या घातल्या तोच अल्बम दुसऱ्या दिवशी सकाळी परत लावायचा. असलं ध्यान माझ्या पदरात पडलंय.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. लेक पंकजा अन् जावई करन यांना जेवायला बोलावलं. दोघं नगरला सासूपाशी राहतात. जावयबापूंनी वरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हनून रजया टांगून सहा गान्यांचा अल्बम केलाय, अन् सगळी गानी पंकजानं म्हनलीत. आमची पोर ल्हानपनापासनं गाती. पन सासूला ते पटत न्हाई. सून मोबाईलवर गाती म्हनून चार बायकांत नाक मुरडती. तव्हा पंकजा मला फोनवर म्हनली हुती, आई, आप्पांना एकदा ऐकू दे. मग ठरवते, पुढं गायचं का हे बंद करायचं.

मला यांचं तोंड म्हाईत. मी आदल्या दिवशीच बजावलं, उद्या जावई म्हंजी नारायन. अल्बमला वाकडं बोललात तर तुमच्या ताटात धोंडा पडनार न्हाई. पुरनाचा धोंडा म्हनलं की हे कुत्र्यावानी गप बसतात.

पाय धुतले, ओवाळलं, अनारशांचं वान दिलं, जेवनं झाली. जावयबापूंनी अल्बम लावला. हे मांडी घालून, खाली मान घालून सहाच्या सहा गानी ऐकत बसले. चुळबूळ न्हाई, खाकरनं न्हाई. संपल्यावर म्हनले, "छान हाय. लई छान."

जावई लई खूश. मी पन खूश, म्हनलं, सुटले बाई. बघते तर पंकजा जाग्यावर न्हाई. मागच्या दारी धुन्याच्या दगडावर बसून रडत हुती.

"आई, आप्पांनी आजवर कुठल्या अल्बमला छान म्हटलंय?" ती म्हनली. "माझा शिव्या देण्याच्या लायकीचाही नाही निघाला."

माझं डोकं असं फिरलं! चांगलं म्हना तरी रडायचं, वाईट म्हना तरी रडायचं. बापाची लेक, दुसरं काय. पन तिनं डोळे पुसून मोबाईल पर्समधी टाकला. म्हनली, आता सासूबाईंना सांगून टाकते, झालं गाणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शिंगनापूरला दर्शनाला गेले. मी पंकजाला ओढत रसवंतीवर नेली अन् यांच्यापुढं उभी केली. म्हनलं, नारायन गेला दर्शनाला. आता ओका काय ओकायचं ते.

हे रात्रभर तुंबलेलेच हुते. जे सुटले! पहिल्या गान्यात ढोलकीवाला एस्टी चुकल्यासारखा पळतोय. चौथ्यात बासरी बोलवल्याबिगर मधी मधी येती. पाचवं गानं कशाला घातलं, पोती भरायला? येनारी गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. पंकजा पदराच्या आड हसायला लागली. मग यांनी आवाज खाली आनला.

"अन् तू. दुसऱ्या गान्यात कडव्याच्या शेवटाला सूर सोडून दिलास. तुला दम पुरतो, मला म्हाईत हाय. तिथं भ्यालीस तू. कोनाला भ्यालीस?"

पंकजाचं हसू थांबलं. ती बोलली, "ते गाणं चालू असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आप्पा."

हे उठले, बैलाच्या पाठीवरनं उगंच हात फिरवला. मला वाटलं, आता जावयाच्या आईचा उद्धार हुतोय. पन हे परत खाटेवर बसले अन् लेकीकडं न बघता म्हनले,

"पुढच्या अल्बमाला दाराला आतनं कडी लाव."

अन् स्पीकरवर पहिल्यापासनं लेकीचं तेच भिकार गानं लावलं.