मॅगझिन बदलायच्या तीन तऱ्हा

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मला पत्ता नव्हता की माझ्या नवऱ्याला नेम धरता येतो. घरात पाल निघाली तरी मला हाक मारणारे हे. कंपनीत एसीच्या डक्टची ड्रॉइंग करायचे, घरी आले की वर्तमानपत्र. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, आम्ही ओमानला अल् घुब्ऱ्यात राहत असताना, ह्यांच्या अर्बाबला कुठूनसं कळलं की कॉलेजात हे एनसीसीत होते. तिथून माझ्या मागे जी साडेसाती लागली ती डिसेंबरपर्यंत सुटली नाही.

अर्बाब म्हणजे ह्यांचा ओमानी साहेब. माणूस दिलदार, पण नेमबाजीचा भारी नाद. क्लबच्या मॅचला त्याला कंपनीतली तिघांची टीम उतरवायची होती आणि दोघंच मिळाले होते. रायफली क्लबच्याच, सेमी-ऑटोमॅटिक. दहा गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, संपली की दुसरी लावायची आणि पुढे चालू. गुण नेमाला, पण घड्याळही चालू असतं. "निशाना सब का अच्छा है," अर्बाब म्हणायचा, "मॅच जाता है मॅगझिन बदलने में."

झालं. ह्यांनी कंपनीतल्या केरळी सुताराकडून लाकडी रायफल करून घेतली. मॅगझिनंही लाकडाचीच, वजन यावं म्हणून आत वाळू भरलेली. रोज संध्याकाळी सातला दिवाणखान्यात सराव. मी इंडियन स्कूलमध्ये पी.टी. शिकवायचे, त्यामुळे स्टॉपवॉच घरात होतं. ते माझ्या हातात देऊन हे म्हणाले, "अगं, फक्त बटण दाबायचंय." कुकरच्या शिट्ट्या मोजू की ह्यांचे सेकंद?

मॅगझिन बदलायच्या तऱ्हा तीन, हे मला तेव्हा पाठ झालं. ह्यांची आवडती पहिली. नवं मॅगझिन रायफलीपाशी न्यायचं, त्याच हाताने रिकामं काढायचं, नवं बसवायचं, रिकामं खिशात ठेवायचं. एनसीसीत सरकारी माल जमिनीवर टाकलेला चालत नसे म्हणे. पाच सेकंद. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन मॅगझिनं शेजारी शेजारी उलटसुलट टेपने बांधायची, एक संपलं की फिरवून दुसरं लावायचं. वेळ सर्वात कमी, पण रायफल जड होऊन एका बाजूला झुकते, आणि झोपून नेम धरताना खालच्या मॅगझिनच्या तोंडात वाळू जाते. ओमानमध्ये वाळूला काय तोटा? तिसरी तऱ्हा अर्बाबची. रायफलीवरचं बटण दाबायचं, रिकामं खाली पडू द्यायचं, तोवर दुसरा हात पट्ट्यातल्या नव्या मॅगझिनवर. नजर निशाणावरून हलवायची नाही. तीन सेकंद, कधी त्याहूनही कमी.

"मग तिसरीच करा ना," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"टाकवत नाही गं."

मुलांना रिलेचा दांडा द्यायला शिकवणारी बाई मी. मला ते बघवेना. शेवटी मीच मागे लागून ह्यांना टाकायला शिकवलं. आठवड्याभरात ह्यांना ते जमलं आणि दिवाणखान्यात धाडधाड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर आली. रत्नागिरीकडची, नवऱ्याचं मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, दुकान, कडेवर दोन महिन्यांचं पोर.

"बाय, रोज सांजचे नारळ फोडताव काय? पोर दचकून उठतंय माझं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी पुण्याहून आणलेली गोधडी चौघडी करून फरशीवर घातली. तरी ह्यांचं मॅगझिन दहातून चार वेळा गोधडीच्या बाहेरच. मग मी स्टॉपवॉच धरून ओरडायचे, "अहो, बघून टाका! खाली माणसं राहतात!" महिनाभर हेच चाललं.

एवढ्यात अर्बाबचा कोणी बडा पाहुणा येणार म्हणून मॅच पुढे गेली. कुठे गेली? डिसेंबरातल्या त्याच गुरुवारी, ज्या रात्रीची आमची तिकिटं होती. रविवारी पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. बाबा नव्हते, कन्यादान आम्हा दोघांना करायचं होतं. गुरुवारी टीम पुढे गेली तर शुक्रवारी फायनल, आणि नंतरची विमानं आठवडाभर भरलेली. ह्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. अर्बाबला विचारलं तर एकच उत्तर, "मॅच खलास, फिर छुट्टी. इन्शाल्ला." ह्यांना त्याच्यापुढे दुसरा शब्द काढता आला नाही. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, पण संध्याकाळी सात वाजता स्टॉपवॉच मात्र धरलं. का धरलं, मला विचारू नका.

आणि पाचव्या दिवशी देवघरातल्या गणपतीपुढे बसून मी नवस बोलले. ह्यांची टीम हरू दे, पुण्यात पोचले की तुला नारळ फोडीन.

गुरुवारी सकाळी मी क्लबच्या मैदानावर दोरीच्या मागे उभी होते. सवयीने स्टॉपवॉच हातात. टीममध्ये हे शेवटचे. पहिल्यांदा बदललं ते दोन पॉइंट आठ. घरात एवढं कमी कधी आलं नव्हतं. नजर समोर, हात आपोआप पट्ट्यावर. मला इतका अभिमान वाटला की मी नवस साफ विसरले आणि "यल्ला, यल्ला! चला, चला!" म्हणून अर्बाबच्या बरोबरीने ओरडले. दुसऱ्यांदा तीन. आता एकदाच बदलायचं होतं, आणि टीम पुढे होती.

ह्यांनी बटण दाबलं, मॅगझिन पडलं, आणि ह्यांनी मान खाली घातली. वाळूत पडलेल्या मॅगझिनकडे बघितलं, त्याच्या आजूबाजूला बघितलं. गोधडी शोधत होते. मग भानावर येऊन नवं लावलं. सहा पॉइंट दोन. टीम तेवढ्यानेच मागे पडली.

अर्बाब रागावेल असं वाटलं होतं. त्याने डिशडाशाच्या, म्हणजे त्या पायघोळ झग्याच्या, खिशातून ह्यांचा पासपोर्ट काढला आणि हातात ठेवला. "मालेश, कोई बात नहीं. फायनल के लिए मेरा भाई तैयार था. शादी में तो तुम को भेजना ही था." मला त्या माणसाच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?

विमानतळावर जाताना टॅक्सीत हे म्हणाले, "तुझा आवाज आला बघ. बघून टाका म्हणून."

मी तर "यल्ला" म्हणत होते.

कन्यादान झालं, लग्न छान झालं. सोमवारी आम्ही देवळात गेलो. नारळाची पिशवी ह्यांच्याच हातात होती.

"कसला गं नवस?"

"लग्न नीट पार पडावं म्हणून."

"मग फोडतो की मीच," असं म्हणून ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझा नवस फेडला. वरून खोबऱ्याचा मोठा तुकडा मलाच दिला. तो मी खाल्लाही. खरं काय ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.