ओल्या टॉवेलातली कवळी

"हळू बोल. आई झोपलीये."

"आई जागी आहे," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "आणि आईला सगळं ऐकू येतंय."

"येऊ दे. मी गाडीचं विचारतच नाहीये," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी पेटी कुठाय?"

"सांगितलं ना, गाडीत."

"आणि गाडी?"

"पोलिसांच्या आवारात. किती वेळा तेच तेच? घोटभर घेतली होती. नाक्यावर येईल त्याला अडवत होते. नळीत फुंकायला लावलं, आकडा वर गेला, संपलं. माणूस मारलाय का मी?"

"आवाराला छप्पर आहे?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. रात्र चौकीच्या बाकावर काढून तो नुकताच घरी आला होता. परवाना जप्त, डोळे तांबारलेले, शर्टाला आंबूस वास. बायको रडेल, बोल लावेल, माहेरी जायची धमकी देईल, या सगळ्याची त्याने वाटेत तयारी केली होती. छपराची केली नव्हती.

"छप्पर? नाही. मोकळंच आहे."

ती मटकन स्टुलावर बसली.

ती कवळ्या करायची. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कोरायच्या सुऱ्या आणि दातांचे जबडे मांडलेले. नव्याने घरी आलेलं माणूस दचकायचं. घरच्यांना त्या जबड्यांचं कपबशांइतकंच अप्रूप. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवत. ती त्यावरून प्लास्टरचा जबडा करी, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवी आणि एकेक दात त्यात रोवी. दात असे हवेत की माणूस हसला तर शेजाऱ्याला शंका येऊ नये. लग्न होऊन आली तेव्हा तिला जबड्यात दात किती असतात तेही धड ठाऊक नव्हतं. सासरे हे काम करायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तसा तिने सुरी हातात घेतली, ती घेतलीच. गल्लीत सगळे तिला कवळीवाल्या वहिनी म्हणत. तिला माणसांची नावं आठवत नसत, तोंडं आठवत.

मेणातली कवळी पक्की करण्याआधी डॉक्टरांना दाखवावी लागते. ने-आण करायचं काम नवऱ्याचं. त्यासाठीच गाडी घेतली होती, आणि धंदा तिचा म्हणून तिच्याच नावावर. पेटी मागच्या सीटवर ठेवायची, पट्टा लावायचा, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. "आधी दातांना पट्टा, मग माणसांना," ते म्हणायचे. उन्हाळ्यात पेटीभोवती ओलं फडकं गुंडाळायचं. मेण ऊन सोसत नाही. दात आधी कलतात, मग एकमेकांवर रेलतात, शेवटी गाळात रुतलेल्या गोट्यांसारखे दिसतात.

आणि कालच्या पेटीत बाजारात भाव पुकारणाऱ्याचे दात होते.

त्या माणसाची सगळी कमाई आवाजावर. जबड्याचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार. उपचारांआधी डॉक्टरांनी त्याच्या तोंडाचा साचा घेऊन ठेवला, ते बरं केलं, कारण आता त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. म्हणून कवळी दोन तुकड्यांची. तुकडे वेगवेगळे आत सरकवायचे आणि आत गेल्यावर खटक्याने जोडायचे. तो खटका बसवताना तिचे डोळे पाण्याने भरून यायचे. "सांभाळून हं वहिनी," डॉक्टर म्हणाले होते. "दुसरा साचा मिळणार नाही."

"सांभाळून," ती आता स्वतःशीच म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

टेबलाच्या कडेला मुंगी खाली मान घालून दुधात पाव बुडवत होती. लेक तेरा वर्षांची, अंगाने एवढीशी आणि कायम काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून मुंगी. पाव केव्हाच दुधात विरघळला होता, तरी ती बुडवतच होती.

"आणि तू गं? टॉवेल टाकून आलीस कुठे?"

"तलावावर राहिला," मुंगी पुटपुटली.

"शाबास. एकाला गाडी सांभाळता येत नाही, दुसरीला टॉवेल."

मुंगीने बापाकडे पाहिलं. बापाने खिडकीकडे.

काल संध्याकाळी मुंगीला दिराने घरी आणून सोडलं होतं. "दादाला काम निघालं, म्हणून पोहण्याच्या क्लासवरून मीच हिला घेतलं," असं म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला. एरवी हा माणूस चहा घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. काल ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे बघ," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पेटी हवी तर गाडी सोडवावी लागेल. गाडी तुझ्या नावावर, म्हणून जायचंही तूच. हमीपत्र असतं. नवऱ्याला पिऊन गाडी चालवू देणार नाही, असं लिहून द्यायचं, सही ठोकायची, चावी घ्यायची. चालवायला धाकटा येतोय."

"आणि तुम्ही परत चालवलीत तर?"

"अगं, ते लिहायचं असतं. सगळेच लिहितात."

"सही कर आणि आण गं बाई गाडी," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला दर आठवड्याला तपासणीला जायचंय. बसची पायरी माझ्याच्याने चढवत नाही."

ती उठली. ऊन खिडकीतून स्पिरिटच्या दिव्यापर्यंत आलं होतं. चपला घालताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

आवार शहराबाहेर होतं. तारेच्या कुंपणाआड गाड्या खेटून उभ्या, काहींच्या काचांवर धुळीत पोरांनी बोटाने काहीबाही लिहिलेलं. त्यांची गाडी तिसऱ्या रांगेत होती. तिला टप दिसत होता, टपावरचं ऊन दिसत होतं, आणि मध्ये फक्त तार होती.

खिडकीतल्या कारकुनाने तिचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "जेवणाची सुट्टी झाली. नंतर या."

"साहेब, गाडीत मेणाचं काम आहे. वितळेल."

"मेणबत्त्या?"

"दात."

त्याने मान वर केली. "कुणाचे?"

"माझे नाहीत. एका माणसाचे आहेत, त्याला दुसरे मिळणार नाहीत. साहेब, नुसतं दार उघडू द्या. मी हात जोडते, पाया पडते, काय म्हणाल ते. फक्त दार."

दीर मागून म्हणाला, "वहिनी, असं काय करता? लोक बघतायत."

"बघू द्या. लोकांचे दात आत नाहीयेत."

कारकुनाने उघडायला घेतलेला जेवणाचा डबा पुन्हा बंद केला आणि चावी काढली. दया आली की कटकट टाळली, कळायला मार्ग नव्हता. "तसंही सही करायच्या आधी मालकाने आतलं सामान तपासायचं असतं. चला. पण लवकर."

जवळ गेल्यावर तिची चाल मंदावली. गाडीचा समोरचा एक दिवा फुटलेला होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार आत दबलेलं, रंग लांबलचक खरवडलेला.

"हे कधी झालं?"

"कठड्याला घासत आली ना," कारकून म्हणाला. "म्हणून तर अडवली. एरवी त्या नाक्यावर कोण कुणाला अडवतंय?"

दीर आपल्या दुचाकीच्या चावीशी चाळा करायला लागला.

मागचं दार उघडलं तशी गरम हवा तोंडावर आली. मागची सीट रिकामी. पट्टा तसाच लोंबत होता. तिने सीटखाली हात घातला, डिकी उघडायला लावली, एक जुनी छत्री बाहेर फेकली. पेटी नव्हती. "नाहीये," ती म्हणाली, "नाहीये, भावोजी, कुणीतरी नेली." मग ती ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकली आणि दबलेल्या दाराशी, शेजारच्या सीटच्या पायापाशी, सावलीत सारून ठेवलेलं एक पिवळं गाठोडं तिला दिसलं.

पिवळ्या टॉवेलवर निळे मासे. चार पदरी गुंडाळलेला, टोकं आत खोचलेली. बाहेरून तो कडक वाळला होता. आतला पदर अजून ओला होता, आणि तलावाच्या पाण्याचा औषधी वास येत होता.

तिने तिथेच मातीत बसून झाकण उघडलं. प्लास्टरचे जबडे शाबूत. पुढचे दोन दात जरासे कलले होते, एका बाजूची हिरडी घामेजल्यासारखी चकाकत होती. बाकी सगळे जागेवर. खटका जागेवर. हे एका बैठकीत दुरुस्त होणारं काम होतं. तिने डोळे मिटले आणि तोंडाने दोनतीनदा नुसता श्वास सोडला.

मग हातातल्या टॉवेलकडे तिचं पुन्हा लक्ष गेलं.

टोकं आत खोचायची पद्धत तिचीच होती. ही पद्धत या जगात दोघींनाच माहीत होती, तिला आणि मुंगीला. तिने दबलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्याला लागून असलेल्या सीटकडे.

"भावोजी, काल मुंगीला कुठून घेतलंत?"

"क्लासवरून. सांगितलं की काल."

"कुठून घेतलंत?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. कारकून दोन पावलं मागे सरकला. त्याने असले संसार रोज पाहिलेले असावेत.

"चौकीवरून," दीर म्हणाला. "वहिनी, दादाने शपथ घातली होती. तिला काही लागलेलं नाही हो, मी विचारलं तिला. नुसती घाबरली होती. बाकावर बसली होती, मला बघून म्हणाली, काका, पेटी गाडीतच राहिली, ते आणू देत नाहीयेत. तिचं आपलं तेच. मी म्हटलं पेटीचं काय घेऊन बसलीस..." "तुम्हाला सांगितलं असतं तर घर मोडलं असतं."

"म्हणून पोरीला खोटं बोलायला लावलंत. दोघांनी मिळून."

"दादानेच तिला समजावलं, आईला त्रास होईल म्हणून..."

"सकाळी मी टॉवेलवरून तिला बोलले," ती म्हणाली. "मी तिला टॉवेलवरून बोलले, भावोजी."

ती उठली तेव्हा पदराला माती होती. झटकली नाही. पेटी छातीशी धरून खिडकीपाशी गेली. कारकुनाने हमीपत्र पुढे सरकवलं, त्यावर पेन ठेवलं. ओळी आधीच छापलेल्या होत्या. नाव घालायला आणि सहीला तेवढी जागा सोडलेली. तिने पेन उचललं. सासूबाईंची पायरी आठवली, डॉक्टरांचे शहरभर पसरलेले दवाखाने आठवले, पावसापाण्यात बसने पेट्या नेणं कसं असेल तेही डोळ्यांपुढे आलं. गाडी नसेल तर अर्धं काम हातचं जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"नुसतं सामान नेता येतं का?"

"येतं की. नेता येत नाही असं कोण म्हणालं?"

"घरी म्हणाले."

"सामान मिळाल्याची पोच इथे द्या. पण गाडी नेली नाही तर दिवसाचं भाडं चढत जाईल बाई. शेवटी लिलावात निघेल."

"चढू दे," ती म्हणाली, आणि पोचेवर सही केली.

"वहिनी, असं डोक्यात राख घालून..." दीर मागे धावत आला. "बसा तरी. मी माझ्या गाडीवरून सोडतो."

"बस येतेय."

थांब्याजवळच्या नळावर तिने टॉवेल पुन्हा भिजवला, पिळला, चार पदरी गुंडाळला, टोकं आत खोचली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "मूर्ती आहे का हो?" "दात आहेत," ती म्हणाली. बाई खिडकीकडे सरकली.

दार मुंगीने उघडलं. तिची नजर आधी पेटीवर गेली, मग टॉवेलवर, आणि चेहरा पांढराफटक पडला.

"ओला होता का अजून?" तिने अगदी हळू विचारलं.

"आतून होता."

मुंगीने आईच्या हातातून पेटी घेतली, दोन्ही हातांनी, आणि मागच्या खोलीत नेऊन सावलीच्या बाजूला ठेवली. परत येताना ती आईच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

दीर आधीच पोचला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. घरात काय बोलणं झालं असेल ते नवऱ्याच्या तोंडावर दिसत होतं. सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या.

"हे बघ," नवरा उठला, "आधी माझं ऐकून घे. कठड्याला जरासं लागलं. मी तिला..."

"बसा," ती म्हणाली. तो बसला.

तिने चपला काढल्या, भिंतीशी जोडीने लावल्या, आणि कुणाकडेच न बघता, उद्याच्या दुधाचं सांगावं तशा आवाजात सांगितलं:

"गाडी आणली नाही. सही केली नाही, करणार नाही. लिलावात जाईल तेव्हा जाईल. आईंच्या तपासणीला मी भाड्याची गाडी सांगेन. पेट्या मी बसने पोचवीन. मुंगीला आणायला-सोडायला उद्यापासून मी जाईन."