राखणीला आणलेलं पोमेरियन

बायको गेल्यावर घराला राखण हवी, म्हणून मी कुंभकोणमहून साक्कोट्टैला राजपाळयम या उंच, राखणदार जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणायला गेलो. कुत्री विकणारा तो माणूस माझ्याकडे न बघता, मांडीवरच्या पिल्लाचे कान चोळत बोलत होता.

"घरात कुठली भाषा, सार?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. गिऱ्हाइकाच्या भाषेतलं 'ये' आणि 'बस' तो आधी स्वतः शिकायचा, मग पिल्लाला शिकवायचा, आणि मगच पिल्लू द्यायचा.

"मराठी," मी म्हणालो. "पण आता बोलायला कोणी नाही."

कान चोळणारा हात थांबला. राजपाळयम खाली ठेवून त्यानं कोपऱ्यातलं पांढरं पोमेरियन उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"अहो, मला राखणीला हवंय!" मी वैतागलो.

"त्या मोठ्याला दिवसाला चार हुकूम पुरतात, सार. ह्याच्याशी दिवसभर बोलावं लागतं."

तो माणूस पुन्हा भेटला नाही. चोर आलाच तर हे बेणं त्याचे पाय चाटेल. पण सकाळी कॉफी गाळताना आमची मराठीतून अशी जुंपते, की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "पाहुणे आलेत का?"

मी हो म्हणतो.