डावीकडचा पिवळा बाण

शेवटचं भेटलो तेव्हा हमीदभाई अंगणात खाटेवर बसून बायकोनं केलेली पेज नाक मुरडत पीत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, एकदा घळीत जाऊन ये रे." मी मनात म्हटलं, एवढा आजारी आहे, तरी टोमणा सोडत नाही. महिन्याभरात तो गेला...

महाडला त्याचे दोन ट्रक होते. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याला चाकाचा तिटकारा. चालायचं, ते कधी सावित्रीच्या खाडीकाठानं चिखल तुडवत, नाहीतर पोलादपूरच्या पुढच्या त्या घळीतून. इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्हीकडच्या कातळाला बोटं लागतात. मी शाळेत भूगोल शिकवायचो म्हणून त्यानं मला सोबतीला धरलं आणि पहिल्याच दिवशी माझा भूगोल निकालात काढला. "नकाशा ठेव घरी. म्हशीचा माग बघ. म्हस कधी वाट चुकत नाय."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-पुण्याची मंडळी पाठपिशव्या लावून घळीत येऊ लागली आणि वाट चुकू लागली. हमीदभाईनं ट्रकचा उरलेला पिवळा रंग उचलला आणि खडकाखडकावर बाण काढले. नुसते बाण काढील तर तो हमीदभाई कसला! प्रत्येक बाणाच्या शेपटाला कमळ. घळीच्या वरच्या तोंडाशी दोन वाटा फुटतात. तिथं त्यानं ताजं शेण बघून बाण उजवीकडे वळवला. मी म्हटलं, "अरे, वाडी डावीकडे आहे." "मास्तर, तू पोरं शिकव." पुढच्याच रविवारी पुण्याचे नऊ जण त्या बाणामागून गेले, ते थेट म्हशींच्या डबक्यात. म्हशी काही चुकल्या नव्हत्या, त्यांना डुंबायलाच जायचं होतं.

ही गोष्ट मी बाजारात, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, तोंड उघडायला मिळालं तिथं सांगितली. सगळे पोट धरून हसले. तो नाही हसला. "बाण बरोबर हाय," एवढंच म्हणाला. मीही हटून बसलो, चूक कबूल कर, मगच तुझ्यासोबत चालीन. दोन वर्षं मी एकटा खाडीकाठानं आणि तो एकटा घळीत. दोघांची पन्नाशी उलटलेली, अक्कल मात्र पहिलीतली.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात घळीत गेलो. फाट्यावरच्या उजव्या बाणावर डांबर फासलेलं. डावीकडे नवा बाण, कमळासकट. रंगाचे पोपडे निघालेले. दोन पावसाळे तरी त्या बाणानं खाल्ले असणार. म्हणजे भांडणानंतर लगेचच काढलेला. खाली ट्रकच्या पाठीवर असतात तशी वळणदार अक्षरं, 'मास्तरचं खरं'.

आधी हसू आलं. मग तिथंच बसून रडलो. त्यानं केव्हाच कबूल केलं होतं, फक्त मी बघायला जायला हवं होतं.

आता पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेवलाय. रविवारी बाण उजळून येईन. कमळ मला त्याच्यासारखं जमणार नाही, हे मात्र आत्ताच कबूल करतो.