आक्कांच्या हातची धार

दुधाचा गिलास कसा धरायचा, हे मला ऐन पन्नाशीत शांताक्कांनी शिकवलं. कोल्हापुरात आमच्या चौकातल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गिलासात धार काढून देतात. मी गिलास तिरका धरला की आक्का ओरडायच्या, "मास्तर, सरळ धरा की! पोरास्नी शिकिवताय आणि हितं हात वाकडा?" सगळा कट्टा हसायचा. गिलासावर फेसाचा डोंगर आल्याशिवाय त्या चंद्री म्हशीच्या कासेवरून हात काढत नसत. "फेस न्हाय तर दूध न्हाय," असा त्यांचा खाक्या.

गेल्या वर्षी आक्कांना न्यूमोनिया झाला. बरेच दिवस त्या आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर होत्या. वाचल्या. घरी आल्याचं ऐकून मी भेटायला गेलो, तर सून सुरेखा दारातच म्हणाली, "आत्याबाई हातकणंगल्याला पावण्यांकडं गेल्यात." तेवढ्यात आत ताटली खणकन पडली. सुरेखानं मान खाली घातली आणि मला आत घेतलं.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांना पदरानं तोंड झाकायचं होतं, पण हात छातीपर्यंतही येईना. कुठे बघावं, मलाच कळेना.

"मास्तर, म्हशीची धार काढणारं हात हे. आता भाकरी मोडाय सून लागतीया. कुणाला तोंड दावू?"

जबर आजारानं आणि इतकं पडून राहिल्यानं नसा आणि स्नायू दुबळे झालेत, व्यायामानं ताकद येईल, पण महिने लागतील, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. शेजारपाजारचे मात्र म्हणत, मशीन निघालं, आता कसलं दुखणं? सोंग आहे. वाईट हे, की आक्कांनाही ते पटू लागलं होतं. दाबायला दिलेला रबरी चेंडू कुणी आलं की त्या सुनेला लपवायला लावत. "ह्या वयात चेंडू खेळतीया म्हणतील."

चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडेना. मुलानं तिला विकायचं काढलं, तेव्हा मात्र आक्का पेटल्या. दार लावून चेंडू दाबू लागल्या, पुढे कणीक तिंबू लागल्या.

परवा सुरेखाच्या आधारानं त्या कट्ट्यावर आल्या. चंद्रीच्या कासेशी बसल्या. मी गिलास पुढे केला. पहिली धार माझ्या चपलेवर गेली. आक्कांचा चेहरा शरमेनं उतरला.

"पावणं, फेस न्हाय यायचा. दुसरीकडं जावा," त्या खाली बघत म्हणाल्या.

इतक्या वर्षांचा मास्तर मी, एका धारेसरशी परका पावणा झालो. फार लागलं ते. पण मी हललो नाही. चंद्रीही हलली नाही. बारीक, तुटक धार येत राहिली. गिलासाचा तळ कसाबसा झाकला गेला. त्यांच्या बोटांकडे बघता बघता माझा गिलास कलला.

"मास्तर," आक्का खेकसल्या, "सरळ धरा की! हात माझा कापतोय, तुमास्नी काय झालं?"