पेटीतली रिकामी खाच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. देवापुढं उभा राहतो, तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. ओळखीचे असता तर आधी हेच मनात आलं असतं — हा आता कुणाकुणाला सांगणार?

स्वभावच तसला. बेळगावात सरकारी कचेरीत नकाशे काढायचं काम केलं, सगळी नोकरी लोकांच्या शेताच्या हद्दी आखण्यात गेली. समोर येणारा प्रत्येक माणूस बांध कोरायलाच आलाय असं वाटायची सवय लागली, ती अजून सुटली नाही. रद्दीवाल्याचा तराजू मी वाकून खालून बघतो. दुधाच्या पिशव्या दाबून बघतो. बायको म्हणते, तुम्ही आरशात बघतानासुद्धा डोळे बारीक करता.

नकाशे टाकानं काढायचो, त्यातूनच हा नाद. जुने टाक, निबा, दांडे — आणि तेही चारचौघांच्या मापाचे नकोत. तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक, नाहीतर लई मोठ्या. त्यांच्यासाठी शिसवी पेटी करून घेतलीय, आत हिरवी मखमल. प्रत्येक निबसाठी तिच्या मापाची खाच मीच कापलीय. सगळ्या खाचा भरलेल्या आहेत, एक सोडून.

तिथं एक पितळी निब असायची, करंगळीएवढी. निपाणीतली एक जुनी तंबाखूची वखार पाडली, तिचं सामान भंगारात आलं, त्यात ती सापडली. सापडली म्हणजे मला नव्हे — यशवंत मास्तरांना. मास्तर निपाणीचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मराठी लिहोत नाहीतर कानडी, अक्षराकडं बघत राहावं. टाकांमुळंच आमची ओळख झाली. त्यांचे वडील त्याच वखारीत हमाल होते. असल्याच निबनं पोत्यांवरच्या चिठ्ठ्या लिवायचे आनि ती पोती माझा बा पाठीवर घ्यायचा, असं ते निब हातात धरून म्हणाले. मग ती माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं पेटी हाय अण्णा, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

स्वतः ठेवून घेऊ शकत होते. मी कुठं अडवणार होतो? हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

एवढ्या निबला बसेल असा दांडा कुठं मिळेना. मास्तर म्हणाले, मी करतो. वडिलांचा पोती उचलायचा आकडा घरात होता, त्याची लाकडी मूठ तासून दांडा करायचं ठरलं. मी कागदावर निब ठेवून पेन्सिलीनं कड मारली, मापं लिहिली, कागद त्यांना दिला. मीच दिला — हेही ध्यानात ठेवा.

आता तो दिवस. जुन्या निबांवर कारखान्यातलं तेल वाळून बसलेलं असतं, शाई धरत नाही. टाकवाल्यांचा त्यावर एक उपाय आहे: निब कच्च्या बटाट्यात पाव तास टोचून ठेवायची. बायको पोरीकडं पुण्याला गेलती, स्वयंपाकघर मोकळं होतं. दोन लहान निबा एका बटाट्यात टोचल्या, मोठी दुसऱ्या बटाट्यात पार मागच्या कडेपर्यंत दाबली. तेवढ्यात बेल वाजली. मास्तर आलते, आणि पाठोपाठ शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. बघा माझी अक्कल! आपली युक्ती कुणाला दिसू नये म्हणून मी दोन्ही बटाटे टोपलीत सारले आणि वर कांदे ढकलले. मग चहा ठेवला. पेटी बाहेर टेबलावर, त्या दोघांपाशी.

ते गेल्यावर एक बटाटा काढला. त्यातल्या दोन निबा पुसून कागदावर वाळत ठेवल्या. दुसरा बटाटा डोक्यातून गेला तो गेलाच.

चार दिवसांनी पेटी उघडली, मोठी खाच रिकामी. तुम्ही म्हणाल, आठवलं कसं नाही? खरं सांगू — आठवायचा मी प्रयत्नच केला नाही. खाच रिकामी दिसली तेव्हा नाव तयारच होतं. त्या दिवशी पेटीपाशी दोघं बसलते ना? मग साहेबांचं नाव का आलं नाही? एकदाही, ओझरतंसुद्धा का आलं नाही? साहेब आमच्यातले. मास्तर आमच्यातले नव्हेत. एवढंच कारण होतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. वर मनाला सांगितलं, बापाच्या वखारीतली वस्तू, जीव अडकला असेल.

फोन केला. मास्तर, ती निब चुकून तुमच्या खिशात तर आली नाही ना — असं, हसत हसत. हसत विचारलं की सभ्य वाटतं. मास्तर म्हणाले, "न्हाय अण्णा." बस्स, तेवढंच.

आठ दिवसांनी ते दारात उभे. घाम आलेला, हातात कागदात गुंडाळलेला दांडा. "शब्द दिलता, म्हणून आणलोय," म्हणाले. आत आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. जिना उतरताना कठड्याला धरून उतरले, ते मी वरून बघितलं.

मला लाज वाटली असेल असं वाटतंय तुम्हाला? छे! मला पुरावा मिळाला. निब जवळ असल्याशिवाय एवढा नेमका दांडा होईलच कसा? आमच्या टाकवाल्यांच्या ग्रुपवर मी हेच टाकलं. नाव घेतलं नाही. दांडा कोण करत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तर दर रविवारी बसनं बेळगावला येऊन एका वाचनालयात मुलांना टाकानं अक्षर शिकवायचे. वाचनालयवाल्यांनी मला विचारलं, तेव्हा म्हणालो, माणूस चांगला आहे हो, पण जरा लक्ष असू द्या. पुढच्या महिन्यात तो वर्ग बंद झाला. मास्तर ग्रुपमधून निघून गेले. कुणी का म्हणून विचारलं नाही.

बायको परत यायच्या आदल्या दिवशी मी टोपली साफ करायला घेतली. दोन महिने खानावळीत जेवत होतो, बटाट्यांना हातभर मोड आलते. एक पार काळा, मऊ पडलेला. उचलला तर बोटाला टोचलं.

तिथंच खाली बसलो. वास सुटलेला, हात बरबटलेला, आणि हातात ती. मास्तर आठवले, पण नंतर. आधी मनात आलं — आता ग्रुपवर काय सांगायचं?

निब धुतली, चिंचेनं घासली. मग दार लावून घेऊन तो दांडा काढला. त्यांच्या वडिलांच्या तळव्यानं झिजलेलं लाकूड, अंगठ्यापाशी थोडं खोलगट, तेवढं मास्तरांनी तसंच राखलंय. निब आत सरकवली. बसली. मी हलवून बघितली, उपटून बघितली, हलली नाही. मी दिलेल्या कागदावरून केलेला दांडा तो.

याला चार वर्षं झाली. निपाणी इथून तासा-दीड तासाची वाट. कोल्हापूरला जाताना बस निपाणी स्टँडात थांबली की मी पेपर तोंडापुढं धरतो. मास्तर आहेत, घरीच असतात, असं ऐकतो.

गेल्या महिन्यात गोव्याहून एक जण पेटी बघायला आलते. सगळं बघून त्यांनी रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. इथली कुठं गेली? चोरीला गेली, मी म्हणालो. कुणी नेली, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जाऊ दे, नाव कशाला घ्यायचं, निपाणीचे एक मास्तर होते. निब तेव्हा माझ्या गुडघ्यापाशी, टेबलाच्या खालच्या खणात होती, दांड्यासकट. खणाची किल्ली माझ्या खिशात होती, आणि बोलताना मी ती चाचपून बघत होतो.