पुलापलीकडचा पत्ता

लेकीने सहलीच्या बसचं तिकीट काढून देऊ केलं, तेव्हा टपालदादांनी ते हसण्यावारी नेलं. पस्तीस वर्षं टपाल वाटत ज्या माणसाने रोज चार-पाच कोस पायाखाली घातले, त्याला शहर काय खिडकीतून दाखवणार? परदेशात लेकीकडे ते तीन आठवड्यांचे पाहुणे होते. ती सकाळी कामावर गेली, की हे बूट चढवून बाहेर.

शहरही चालणाऱ्याचंच होतं. एका गल्लीतून दुसरीत शिरलं, की माणसं बदलत, बोली बदलत, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा बदलत. दादा पुतळ्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा सगळा जीव दारांवरच्या नावांत. एका दारावर त्यांनी अडखळत चार नावं वाचली, चारही चार देशांची, आणि पत्र टाकायला फट मात्र एकच, तीही पार खाली गुडघ्याशी. इथल्या टपालवाल्याच्या कंबरेची त्यांना मनापासून दया आली. कुत्री मात्र ओळखीची निघाली. अंगावर खाकी नसतानाही दादांना पाहून ती जिवाच्या आकांताने भुंकत.

फिरता फिरता ते रोज नदीवरच्या पुलापर्यंत येत, कठड्याला टेकून पलीकडे बघत आणि माघारी फिरत. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. पत्ता तोंडपाठ होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच तो एका पाकिटावर लिहिला होता.

तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती आणि 'धाकट्याला बोलवा' हा एकच धोशा तिने लावला होता. पोस्टमास्तरांच्या टेबलावर फोन होता. मास्तर म्हणालेही, की लाव फोन. पण दादांचा आपल्या खात्यावर भारी विश्वास. फोनवर धड ऐकू येत नाही, माणूस उगाच घाबरतो. पत्रात कसं सगळं नीट सांगता येतं. त्यांनी चार पानं लिहिली, शिक्काही स्वतःच्या हाताने मारला. आई सहाव्या दिवशी गेली. ती गेल्याचा फोन धाकट्याला मावशीने केला. बोलावणं घेऊन निघालेलं पत्र त्यानंतर आठवड्याने पोचलं. धाकट्याने त्याचं उत्तर दिलं नाही, पुढच्याही कुठल्या पत्राचं दिलं नाही. रोज सकाळी टपालाचा गठ्ठा सुटला, की दादा आधी त्याचं अक्षर शोधत. निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी शोधलं.

"बाबा, काकांचा नंबर आहे माझ्याकडे. लावून देऊ?" लेकीने एकदा विचारलं.

"आता कुठल्या तोंडाने फोन करू?" दादा म्हणाले, आणि बूट चढवून बाहेर पडले.

परतीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. ऐन वेळी तोंडातून शब्द फुटणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कागदावर दोनच ओळी लिहिल्या, पाकिटावर धाकट्याचं नाव घातलं आणि पूल ओलांडला.

दार सापडलं. परक्या मुलखात पितळी पाटीवरचं आपलं आडनाव त्यांनी दोनदा वाचलं. पत्र हातात द्यायचं आणि समोर उभं राहायचं, असं ठरवून ते आले होते. पण पस्तीस वर्षांची सवय ती. दादा वाकले, पाकीट फटीतून आत सारलं, दोनदा घंटी वाजवली आणि चालू लागले. चार दारं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आज आणखी कुठेच पत्र द्यायचं नाहीये.

मागे दार उघडलं. दादा एका झाडाआड थांबले. पत्र टाकल्यावर ते आजवर कधी थांबले नव्हते. वाचणाऱ्याचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. धाकट्याचे केस पांढरे झाले होते. 'आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. चूक माझी होती.' एवढंच वाचायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर तिकीट नव्हतं, शिक्काही नव्हता. पोस्टमनच्याच भावाला आणखी काय सांगायला हवं? तो अनवाणी धावत सुटला, पण उलट्या दिशेला, पुलाकडे.

दादांनी हाक मारली. आवाज फुटला नाही. पुन्हा मारली, तेव्हा अख्ख्या गल्लीने वळून पाहिलं.

धाकटा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला. त्याने मिठी मारली नाही, कधी आलास म्हणून विचारलं नाही.

"एक फोन करायचास रे, दादा," तो म्हणाला. "मी पोचलो असतो."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले, आणि भर रस्त्यात लहान मुलासारखे रडू लागले.